सरजाकाकूची सवत

मी एका बोटीला सवत ठरवलं होतं. हसा खुशाल. लग्न होऊन नुकतीच सिंदीला आले होते, अंगाची हळदही पुरती उतरली नव्हती, आणि भिंतीला कान लावायचं काम कुणी न सांगताच पत्करलं होतं.

भिंतीपलीकडे किसनकाका राहायचे. कापसाच्या जिनिंगच्या बॉयलरवर आगवाले, म्हणजे भट्टी पेटती ठेवणारे. एका दुपारी ओसरीवर कुणाला तरी सांगत होते, "जेनी लय पळे गा! तिच्या पोटात जाळ, अन् मी तिच्यापाशी. शेवटी तिले विकली, तोडली. मी पायतच राह्यलो." एवढं ऐकल्यावर मी कशाला थांबते! मागच्या दारानं त्यांच्या बायकोकडे, सरजाकाकूंकडे गेले आणि "काकांची कोणी जेनी होती" हे पदरचं तिखटमीठ लावून सांगितलं. संध्याकाळी काकू गाठोडं घेऊन सेलूला, भावाकडे.

सकाळी काका दारात. "काऊन वं असं केलं, सुनबाई? जेनी बोट होती."

पहिल्या महायुद्धात भरती होऊन ते एका विनाशिकेवर कोळसा टाकायला गेले होते. तिचं खरं इंग्रजी नाव काकांच्या जिभेवर कधी बसलंच नाही. गोरे खलाशी लाडानं जेनी म्हणत. फौजेनं भरलेल्या जहाजांभोवती ती पाणबुड्या हुंगत फिरायची, मेंढरांभोवती कुत्रं फिरावं तशी. एकदा जळत्या जहाजावरची माणसं तिनं उचलली. एकदा नाकाड फुटलं, तर उलटी चालत बंदराला आली. काकांनी यातलं काहीच पाहिलं नव्हतं. ते तळाशी, भट्टीपुढे.

"लढाई मी पायली नाई, ऐकली. वरून घंटी वाजली का टाक कोळसा. जगतो का मरतो, घंटीले माहीत." मग मला विचारलं, "तुमी समुद्र पायला?"

"नाही."

"तुमच्या काकूनंबी नाई पायला. आता तिले बोट कशी सांगू?"

पाप माझं, म्हणून काकांबरोबर मीही सेलूला गेले. काकू अंगणात सरकी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नाव बाईचं, पोट बाईचं, अन् म्हणे बोट!" काकांनी तळहातावरचा डाग पुढे केला. "हे तिच्या भट्टीच्या दाराचं."

"आजवर तं जिनिंगचं सांगतलं होतं!"

काकांनी तळहात मिटला. शेवटी काकूच उठल्या, "हंगाम हाय, भाकरी कोण टाकन?" म्हणत परत आल्या. पटलं म्हणून नव्हे.

काही वर्षांनी काका तापानं पडले. डॉक्टर हात हलवून निघून गेले. काकांना वरून बोटीची घंटी ऐकू येत होती. "दाब उतरून राह्यला, जेनी थांबते! कोळसा टाक!" काकू धावत चुलीशी गेल्या, काड्या कोंबल्या, ओरडल्या, "टाकला जी, टाकला!" पुन्हा हाक, पुन्हा काड्या. घर धुरानं भरलं. मी उंबऱ्यात उभी; मदत तरी कशाची करणार होते? दुपार कलता हाका थांबल्या. त्यांत काकूंचं नाव एकदाही आलं नाही.

तेरावं झाल्यावर काकू चुलीतली राख काढत होत्या. मी शेजारी बसले. काकू म्हणाल्या, "जिती बाई असती तं झिंज्या धरून हाकलली असती, सुनबाई. बोटीले कुठं धरू?"