बाबांच्या गाडीचं तेल

लग्न होऊन अकोल्याला गेले तरी अमरावतीच्या माहेरी माझंच चालायचं. दसऱ्याला आले की पदर खोचून मी आधी घर उपसायला घ्यायची. घाण मला खपत नाही. आजही खपत नाही. साठ सालानंतरच्या एका खंडेनवमीला घर आवरून झाल्यावर मी बाबांच्या गाडीकडे वळले.

बाबा वकील. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांचा डावा पाय लुळा पडला, तेव्हा त्यांनी कापसाच्या एका जिनवाल्याकडून जुनी अमेरिकन गाडी घेतली. तिला क्लच नव्हता, गिअर आपोआप पडत. उजव्या पायावर सगळं भागायचं. त्या गाडीनं बाबा कोर्टात जात आणि दर रविवारी एकटे मला भेटायला अकोल्याला येत. स्वतः दार उघडून, काठी आधी बाहेर टेकवून उतरत. हात द्यायला गेलेल्या जावयाकडे त्यांनी एकदा असं काही पाहिलं, की तो बिचारा पुन्हा पुढं झाला नाही.

गिअरबॉक्सची तेल मोजायची कांडी ओढून मी तेल पाहिलं. काजळासारखं काळं, वर जळका वास. गाडीला हार घालायचा आणि तिच्या पोटात हा चिखल? बाबांच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना मी बोलावणं धाडलं. ते बराच वेळ तेल दोन बोटांत चोळत राहिले.

“बाई, सारं काढू नोका. गिअर धरनाऱ्या आतल्या पट्ट्या झिजल्या. त्यायचा भुगा या तेलात हाये, त्याच्याच भरवशावर त्या पकडून राहिल्या. नवं तेल टाकाल तं सुटतीन. कमी असन तेवढं वरून टाका अन् चालू द्या.”

“इतकी वर्षं तेल बदललं नाही, हे लपवायला बरं कारण आहे,” मी म्हणाले. ते वाक्य आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

मिस्त्रींनी बाबांकडे पाहिलं. बाबा बॉनेटवर हात ठेवून उभे होते. त्यांना मिस्त्रींचं पटलं होतं, मला दिसत होतं ते. पण मी दोनच दिवसांसाठी आले होते. “ती म्हणते तसं करा,” ते म्हणाले.

जिनवाल्याकडे तेलाचे सीलबंद डबे पडून होते, ते आणवले. जुनं तेल घमेल्यात उतरलं, नवं लालभडक तेल आत गेलं. दसऱ्याला गाडी सुरेख धावली आणि मी घरभर मिरवले.

पुढच्या रविवारी बाबा माझ्याकडे निघाले ते बडनेऱ्याच्या अलीकडेच अडकले. इंजिन ओरडत होतं, गाडी जागची हलत नव्हती. तिचे सुटे भाग मुंबईतही मिळेनात, बिनक्लचची दुसरी गाडीही कुठं मिळेना. “मी सांगितलं होतं,” असं मिस्त्री एकदाही म्हणाले नाहीत. आजारानं त्यांचा एक पाय नेला होता, उरलेलं हिंडणंफिरणं मी नेलं. ते सायकलरिक्षानं कोर्टात जाऊ लागले. माझ्या दारात रविवारी हॉर्न वाजेनासा झाला.

माझ्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला ते बसनं आले. मी स्टँडवर वेळेत पोचले होते. कंडक्टरनं आणि एका हमालानं त्यांना काखांत धरून उचललं आणि खाली ठेवलं. लुळा पाय पायरीला अडकला, तो हमालानं सोडवला. धोतर सुटलं होतं. मी धावत जायला हवं होतं. मी पानठेल्यामागं सरकले. मी पाहिलं हे त्यांना कळलं असतं, तर ते पुन्हा आलेच नसते.

काठीवर भार देत त्यांनी धोतर सारखं केलं, टोपी नीट बसवली आणि मला शोधत इकडंतिकडं पाहिलं. मग मी आत्ताच आल्यासारखी लगबगीनं पुढं गेले.

“उशीर झाला, बाबा.”

“मीही आत्ताच उतरलो,” ते म्हणाले. “बसचं काही अवघड नाही गं. एकट्यानं उतरता येतं.”

मी हो म्हटलं.