ग्रहणातला कवडसा

तू ते ग्रहण पाहिलंस का, असं मला आजही कुणी विचारलं तर हो म्हणू की नाही म्हणू, खरंच कळत नाही. डोळ्यांनी पाहिलं हे खरं. पण आकाशाकडे मान वर केली नाही आणि दुर्बिणीला हातसुद्धा लावला नाही. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा, मी दमले.

पन्नास साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. पिंपरीकडे नवे कारखाने उभे राहत होते आणि आम्ही साताऱ्याकडून येऊन कासारवाडीला, स्टेशनापलीकडे, पत्र्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. हे, सासूबाई आणि मी. मागे परस, त्यात एक शेवगा आणि धुण्याचा दगड. ह्यांना कंपनीत लेथवर काम होतं आणि डोक्यात सदानकदा आकाश. पुण्याच्या चष्मेवाल्याकडून एक भिंग आणलं, जुन्या बाजारातून मोजणीच्या कसल्याशा मोडक्या यंत्राची डोळ्याकडची काच आणली, ओळखीच्या पत्रेकाम करणाऱ्या चाचांकडून पत्र्याची नळी वळवून घेतली आणि बांबूच्या तिकाटण्यावर दुर्बीण उभी केली. पहिल्यांदा चंद्र दाखवला तेव्हा मी दचकलेच. देवी येऊन गेलेल्या तोंडासारखे खड्डे, आणि सगळं उलटं!

मला पहिल्या खेपेचा पाचवा लागला होता. गणेशचतुर्थी होती. सासूबाई शेजारी आरतीला गेल्या होत्या, पाऊस उघडला होता, आणि हे परसातून हाका मारत होते. "अगं ये लवकर, कोर काय सुंदर दिसतेय!"

"अहो, शुद्धीवर आहात का? आज चतुर्थी. आज चंद्र बघितला की चोरीचा आळ येतो."

"वरचा बघायचा नाही. हा नळीतला. उलटा चंद्र कोण मोजतंय?"

मलाही ते पटलं. खोटं कशाला बोलू, मी चांगली वेळ घेऊन बघितलं. कोरीच्या कडेशी काळोखात एक ठिपका सुटा चमकत होता. हे म्हणाले, तो डोंगराचा माथा, तिथे आत्ता सकाळ होतेय. मी म्हटलं, भलतंच काहीतरी.

घट बसायच्या आत माझं पोर गेलं. मुलगा होता. सासूबाईंनी खोदून खोदून विचारलं तेव्हा चंद्राची गोष्ट बाहेर आली. "चतुर्थीचा चांद बघितलास व्हय गं? पोटुशी बाई, आन् चांद?" आणि मी काय बोलावं? "मी कुठे, ह्यांनीच बोलावून दाखवला." एवढं बोलून मी भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी दुर्बीण जुन्या धोतरात गुंडाळून आढ्याला टांगली, ती तशीच राहिली. चोरीचा आळ काही कुणावर आला नाही. पण माझा राग निवत नव्हता, आणि समोर हेच होते.

दोन वर्षांनी पुन्हा दिवस गेले. सातवा महिना, थंडीचे दिवस, आणि ऐन दुपारी सूर्याला ग्रहण लागणार असं कळलं. सासूबाईंनी आठ दिवस आधीपासून माझी उजळणी घेतली. चिरायचं नाही, शिवायचं नाही, खाजवायचंसुद्धा नाही. पाणी नाही, झोप नाही. एका जागी बसायचं, उठायचं नाही. आणि ग्रहणाचा उजेड पोटावर पडू द्यायचा नाही.

ह्यांनी रजा टाकली. आईसमोर मान खाली घालून म्हणाले, "आई, दुर्बीण काढू का? डोळा लावणार नाही. कागदावर सूर्य पाडीन. ही तर आतच असणार."

"काढ बाबा. पर हिच्या नजरंला पडता कामा न्हाई."

मग ह्यांनी खोली बंद करायला घेतली. खिडकीला दुहेरी गोणपाट ठोकलं, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या, पत्रा आणि भिंत यांच्यामधल्या सापटीत कागदाचे बोळे घातले. आत उभं राहून, बाहेर उभं राहून, दहादा तपासलं. इतक्या काळजीनं ह्यांनी ती दुर्बीणही केली नसेल. फक्त एक विसरले. पत्र्याला खिळ्याचं एक भोक होतं. पावसाळ्यात आम्ही त्याच्याखाली पातेलं ठेवायचो. थंडीत ते कुणाच्या लक्षात राहणार?

मी पाटावर, भिंतीला टेकून. दाराबाहेर सासूबाई माळ ओढत पहाऱ्यावर. परसात हे. आणि माझ्यापासून दोन हातांवर, जमिनीवर, बत्ताशाएवढा गोल कवडसा.

त्याच्याकडे माझं पहिल्यांदा लक्षही नव्हतं. मग बघते तर त्याची एक कड तुटलेली. वाटलं, भोकात काडी अडकली असेल. थोड्या वेळानं आणखी तुटली. अगदी दातानं तोडल्यासारखी, गोलाकार. अगं बाई! बाहेर ह्यांनी ओरडून सांगितलं, "लागलं गं आई, ग्रहण लागलं!" आणि तेच ग्रहण इथे, दार बंद करून, माझ्यापुढे जमिनीवर.

आणि ते सरकत होतं. माझ्याच दिशेनं, मुंगीच्या पावलानं. आता मी काय करावं? उठून बाजूला व्हावं, तर उठायचं नाही. बसून राहावं, तर ग्रहण पोटावर येणार. दोन्ही नेम सासूबाईंचेच, आणि दोन्ही एकदम पाळायचे कसे हे त्यांनी कुठे सांगितलं होतं? हाक मारावी तर कुणाला? आधी नळीतला चंद्र, आता बंद खोलीतला सूर्य! मलाच तो शोधत येतो की काय, असं वाटून मला रडू फुटलं. तेही आवाज न करता.

कवडसा लुगड्याच्या काठावर चढला. मांडीवर आला. पोटाला टेकणार तोच मी मध्ये तळहात धरला. आत बाळ ढुशा देत होतं. मी हळूच म्हटलं, "देवा, काय खायचंय ते माझा हात खा. याला सोड." मग एक हात अवघडला की दुसरा, दुसरा अवघडला की पहिला, पण त्याला काही खाली उतरू दिलं नाही. त्या हातावर सूर्य अर्ध्याहून बारीक झाला. कोर झाली. चतुर्थीला पाहिली होती तशीच. आणि मेलं माझं मन, मला ती सुंदर वाटली! भीतीनं घाम फुटला होता आणि तरी मी टक लावून बघत होते.

ग्रहण सुटलं, आंघोळी झाल्या. हे आत आले ते उतरलेल्या तोंडानं. "डोळ्याकडची काच उन्हानं तडकली गं. धड काही दिसलंच नाही." दोन महिने वाट बघितली होती बिचाऱ्यांनी. मग माझ्याकडे बघून दबकत विचारलं, "तुला आत काही दिसलं नाही ना?"

"काळोखात काय दिसणार, कपाळ?" मी म्हटलं.

पुढचे दोन महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. मुलगी झाली. सासूबाईंनी तिला उजेडात नेऊन ओठ बघितले, कान बघितले, बोटं दोनदा मोजली. "समदं जागच्या जागी हाय," म्हणाल्या आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडावरून हात फिरवला. मी ढसाढसा रडले. सगळ्यांना वाटलं, आनंदानं. पण माझं डोकं भलतीकडेच गेलं होतं. नळीतला चंद्र जर मोजतात, तर हातावरचा सूर्यही मोजायला हवा. तो मोजत नसतील, तर मग माझं पहिलं पोर कशानं गेलं? तेव्हापासून मी हे कितीदा उलटसुलट केलं असेल, पण टोक काही हाती लागलं नाही.

मुलगी चालायला लागली त्या हिवाळ्यातली गोष्ट. सुट्टीची दुपार, हे त्याच खोलीत जेवायला बसले होते. मुलगी जमिनीवरचा कवडसा नखानं उचलायला बघत होती. हे हसले. "अगं, तो सूर्यच आहे. भोक चौकोनी असलं तरी तो गोलच पडतो. ग्रहणाच्या दिवशी इथे कुणी बसलं असतं तर..." आणि थांबले. वर भोकाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

आता लपवून काय उपयोग? मी सगळं सांगून टाकलं. तळहात, कोर, सगळं. मला वाटलं, आता विचारतील, केवढी कोर होती, किती वेळ होती. काच तडकल्याचं दुःख त्यांना अजून होतंच. पण त्यांनी ग्रहणाचं काहीच विचारलं नाही. हातातला घास ताटात ठेवला.

"म्हणजे पहिलं गेलं, ते माझ्यामुळे नव्हतं?"

चार वर्षं! चार वर्षं हा माणूस माझ्याशेजारी जेवत होता, झोपत होता, शिफ्टला जात होता, आणि पोटात हे घेऊन होता. आणि मी एकदाही म्हटलं नव्हतं की तसं काही मनात आणू नका. "नाही हो," मी म्हटलं, "तुमच्यामुळे नव्हतं." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हटलं.

अर्ध्या भाकरीवर ते उठले, हात धुतला आणि शेवग्याखाली आमच्याकडे पाठ करून बराच वेळ उभे राहिले.

चतुर्थीचा चंद्र बघणाऱ्यावर खोटा आळ येतो म्हणतात. मी आपली चोरीच्या आळाची वाट बघत होते. आळ तर केव्हाच आला होता. ह्यांच्यावर आला होता, आणि घेतला होता मी.