न ऐकू येणारा टाळ

गाण्यातलं मला फारसं कळत नाही, तरी लिहायला बसलोय, म्हणून आधीच माफी मागतो. घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिण्याचीही भीती वाटते.

लालबागच्या एका भजनीबुवांच्या मैफलीची जुनी फिल्म एका कंपनीने आवाज स्वच्छ करून पुन्हा काढली. तिच्यात मागे बसून टाळ वाजवतायत ते माझे बाबा. त्यांचं वाजवणं दुसरीकडे कुठेच टिपलेलं नाही. नव्या फिल्ममध्ये त्यांचे हात हलतात, पण टाळ ऐकू येत नाही. खरखर काढताना तोही पुसला गेला. बाबांनी थोडा वेळ बघितलं आणि टीव्ही बंद केला.

मी बुवांच्या चाहत्यांच्या ग्रुपवर त्याच फिल्मच्या आमच्याकडच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटमधला, टाळ ऐकू येणारा तुकडा टाकला.

"काढ तो आधी! हक्क कंपनीचे आहेत," फणसवाडीतले एक काका गरजले.

"काका, तुमचं अख्खं कपाट चोरीच्या कॅसेटचं आहे," कोणीतरी चिडवलं.

"आवाज किती साफ झालाय बघ. एका टाळासाठी काय रडतोस रे?" तिसरा म्हणाला.

मी तुकडा काढला आणि कंपनीला मेल केला, की टाळ पुसला गेलाय, आमच्या कॅसेटमध्ये तो आहे. मग रोज लेक्चरमध्ये बाकाखाली मोबाइल धरून मेल तपासत राहिलो. घरी पाऊल टाकलं की बाबा विचारायचे, "काय म्हणतत रे?"

काल उत्तर आलं. टाळ परत आणता येईल याची खात्री नाही, पण प्रयत्न करतो, कॅसेट पाठवा. आणि फिल्मच्या शेवटी घालायला टाळ वाजवणाऱ्यांचं पूर्ण नाव कळवा.