उलटं धरलेलं पत्र

आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या हातून कागद टाकला जात नाही. औषधाच्या बाटलीभोवतीचा, बुटांच्या खोक्यातला, साबणाच्या वडीवरचा, कुठलाही असो. आधी उजेडासमोर धरायचा, मग दोन बोटांत चोळून बघायचा आणि मग एखाद्या खोक्यात ठेवायचा. खोकी अठ्ठावीस आहेत, मी मोजली आहेत. प्रत्येकावर चिठ्ठी लावलेली: निळे. खरखरीत. सोनेरी, जपून वापरणे. एकावर लिहिलंय, उपयोग नाही पण टाकवत नाही. त्या खोक्यात भावजींनाही बसवा, असं मी एकदा म्हणाले. जाऊबाई पोट धरून हसल्या. भावजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मी वरच्या मजल्यावर राहते, त्या खालच्या. दुपारची झाकपाक झाली की मी खाली उतरते आणि त्यांच्या टेबलासमोर ठाण मांडते. त्या कार्डं करतात, मी बोलते. गेली अकरा वर्षं हे असंच चाललंय.

त्याआधी बावीस वर्षं त्या एका छापखान्याच्या बांधणी खात्यात होत्या. घड्या घालायच्या, शिवायचं, चिकटवायचं. छापखाना बंद झाला त्या दिवशी बाकीच्यांनी आठवण म्हणून कुणी घड्याळ नेलं, कुणी खुर्ची. जाऊबाईंनी कापून उरलेल्या कागदाच्या तीन गोण्या घरी आणल्या. रद्दीवाल्याला बोलावू का, असं भावजींनी विचारलं मात्र, जाऊबाई गोण्यांपुढे दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. त्या गोण्यांतून पहिलं कार्ड निघालं ते माझ्या मुलीच्या वाढदिवसाचं. जाड पुठ्ठ्यावर फाडलेल्या कागदाच्या लाटा, त्यावर माझ्या जुन्या ब्लाउजची लेस, आणि मधे तिच्या झबल्याचं एक बटण. मुलीनं ते बघितलं, आणि मी नको तेव्हा रडते तशी रडले.

तेव्हापासून लोक येऊ लागले. बाजारात छापील कार्डांची रांग लागलेली असताना माणसं ह्यांच्याकडे वडलांच्या शर्टाचा खिसा, बसचं तिकीट, वहीत वाळलेलं पान असं काहीबाही घेऊन येतात आणि म्हणतात, ह्याचं काहीतरी करून द्या. पुष्कळजण पत्रं आणतात. आणि पत्रांच्या बाबतीत जाऊबाईंचा एक नियम आहे. त्या वाचत नाहीत.

नियम कसा झाला तेही सांगते. सुरुवातीला एका बाईनं भावाची पत्रं आणली होती. जाऊबाईंनी ती वाचली, माणूसच त्या. पुढे ती बाई दुकानात भेटली, तर ह्यांनी चार लोकांत अगदी मायेनं विचारलं, "तुमच्या भावाची दारू सुटली का हो?" त्या बाईचा चेहरा पांढराफटक पडला. जाऊबाईंना ते असं लागलं, की त्या दिवसापासून पत्र टेबलावर घेतलं की आधी ते उलटं फिरवायचं, डोकं खाली, पाय वर. डोळ्यांना अक्षर दिसेल पण वाचता येणार नाही. मी त्यांच्या जागी असते तर आधी सगळं वाचून काढलं असतं आणि मग कात्री हातात घेतली असती. ते त्यांनाही ठाऊक आहे. म्हणूनच पत्राचं काम असलं की त्या मला बजावतात, "तू खिडकीबाहेर बघ."

मागच्या उन्हाळ्यात आमचा वायरमन आला. आमच्या इमारतीतले सगळे पंखे, सगळे फ्यूज त्याच्याच हाताखालून गेलेले. नेहमी हत्यारांची पिशवी खांद्याला असते. त्या दिवशी हात मोकळे होते आणि शर्ट इस्त्रीचा होता.

"ताई, एक काम होतं. पण नाजूक आहे."

त्यानं खिशातून प्लॅस्टिकची छोटी पिशवी काढली आणि पिशवीतून आठ घड्या घातलेला एक कागद. त्याची बायको दहा वर्षांपूर्वी गेली. दवाखान्यात असताना तिनं मुलीसाठी हे पत्र लिहिलं होतं. पोर तेव्हा आठ वर्षांची. ती अठराची झाली की द्यायचं, आणि तुम्ही वाचायचं नाही, असं नवऱ्याकडून वचन घेतलं होतं.

"आणि तुम्ही वाचलं नाहीत?" मी विचारलं. मला खरोखरच नवल वाटलं.

"दोनदा उघडलं. नुसतं अक्षर बघितलं आणि मिटलं."

पहिलं वर्षभर त्यानं ते पाकिटात बाळगलं होतं. कागद घड्यांवर विरला होता, दोन ठिकाणी तर तुटतच आला होता. रविवारी पोर अठराची होणार होती. अशी चिंधी तिच्या हातात कशी देऊ, जोडून द्या आणि एखादं छान कार्ड करून त्यात ठेवा, असं तो म्हणाला. मग म्हणाला, "तिला लांबच्या कॉलेजात जागा मिळालीय. महिनाअखेरपर्यंत हो की नाही कळवायचंय. बाबा, तुम्ही एकटे कसे राहाल, म्हणून अडून बसलीय. मी जा म्हणून सांगून थकलो. माझं ऐकत नाही. आईचं ऐकेल."

"तुम्हाला कसं माहीत, आईनं त्याबद्दल लिहिलंय?" जाऊबाईंनी विचारलं.

"माहीत नाही हो. पण आई आहे ना, काहीतरी लिहिलंच असेल."

बुधवारी दुपारी काम काढलं. असा विरलेला कागद नुसता चिकटपट्टीनं जोडायचा नसतो. त्याच्या पाठीला पातळ, जाळीसारखा कागद लावायचा. त्यासाठी मैद्याची खळ लागते, चिमूटभर तुरटी घालून शिजवलेली, फडक्यातून गाळलेली, दुधाएवढी पातळ. पत्र प्लॅस्टिकवर पालथं घालायचं, पाण्याचा बारीक फवारा मारायचा म्हणजे घड्या सैल पडतात, मग कुंच्यानं खळ. पाण्याचं काम आहे, म्हणून आधी शाई तपासायची. जाऊबाईंनी नेहमीसारखं पत्र उलटं फिरवलं, ओला कापूस घेतला आणि आपल्याकडच्या कोपऱ्यावर टेकवला. कापूस पांढराच राहिला. "बॉलपेन आहे, हलणार नाही," त्या म्हणाल्या. उलट्या पत्राचा त्यांच्याकडचा कोपरा म्हणजे पत्राची सुरुवात, तारखेची ओळ.

आता ऐका. टेबलाच्या पलीकडे मी बसले होते. त्यांना जे उलटं, ते मला सुलटं. पत्राचा शेवट माझ्या पुढ्यात होता, वीतभर अंतरावर. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसलं, आणि त्या दिवशी माझा चष्मा वर राहिला होता आणि जिना चढायचा मला कंटाळा आला होता. मला दिसल्या त्या नुसत्या निळ्या ओळी. वर निळ्या, खाली निळ्या.

फवारा मारला, खळ लावली, पाठीचा कागद बसवला, वरून हात फिरवला. सगळं कसं झकास झालं. मग जाऊबाईंनी दोन टोकं धरून पत्र सावकाश उचललं, आणि खाली प्लॅस्टिकवर निळं पाणी होतं.

टीपकागद घेऊन त्यांनी पत्रावर दाबला, उचलला, दुसरा दाबला. प्रत्येक टीपकागद निळा होऊन निघत होता. "पुरे करा," मी म्हणाले. "आणखी जाईल." त्यांनी हात मागे घेतले. शेवटच्या तीन ओळी शाईच्या पेनानं लिहिलेल्या होत्या. त्या तीन ओळींच्या जागी आता आभाळासारखा एक डाग होता. प्लॅस्टिकवर उलटं उमटलं असेल म्हणून मी धावत जाऊन भावजींचा दाढीचा आरसा आणला. आरशात माझंच नाक दिसलं आणि निळं पाणी दिसलं.

मग मी वर गेले आणि चष्मा आणला. तेव्हा नाही कंटाळा आला.

त्या दिवशी जाऊबाईंनी इतक्या वर्षांचा नियम मोडला. काय गेलं ते कळायला उरलेलं वाचणं भाग होतं. आम्ही दोघींनी डोक्याला डोकं लावून वाचलं. साधंच पत्र होतं. केस वेळच्या वेळी काप. चिडलीस तरी उपाशी झोपू नकोस. बाबा चहात साखर जास्त घालतात, लक्ष ठेव. आणि शेवटाकडे असं: तू मोठी झालीस की एक दिवस घर सोडून जायची वेळ येईल. बाबा तुला नाही म्हणणार नाहीत. पण जायचं की नाही हे ठरवताना माझी एक गोष्ट लक्षात ठेव. इथपर्यंत बॉलपेन. शेवटची दोन अक्षरं फिकी, रिफिल संपत आल्यासारखी. त्याखाली डाग.



"खुशाल जा, असं लिहून टाका," मी म्हणाले. "तुम्हाला अक्षर उतरवता येतं. कुठली आई दुसरं काही लिहील?"

"बाबांना एकटं टाकू नकोस, असं लिहिलं असेल तर?"

"नसेल."

"तुला काय माहीत? तिला तरी कुठे माहीत होतं, मी अशी..."

तरी त्यांनी पेन घेतलं. रद्दी कागदावर त्या बाईचं अक्षर गिरवलं, तिची लांब वेलांटी, तिचा पोट फुगलेला क. चौथ्या वेळेला हुबेहूब साधलं. इतकं हुबेहूब, की आम्ही दोघी घाबरलो. जाऊबाईंनी तो कागद चुरगाळला आणि चुलीशी नेऊन जाळला. ह्या बाईला कागद जाळताना मी पहिल्यांदाच बघितलं.

संध्याकाळी वायरमनला बोलावलं. जाऊबाईंनी सगळं स्वच्छ सांगितलं, कोपरा, कापूस, शाई, मागाहून उरलेलं वाचलं तेही, काही लपवलं नाही. मी मनात म्हणत होते, ओरड बाबा, आपट काहीतरी. तो ओरडला नाही. त्यानं डागावर बोट ठेवलं.

"ही शाई मला माहीत होती," तो म्हणाला. "लिहिता लिहिता तिचं पेन संपलं. शेजारच्या कॉटवर एक आजोबा होते, त्यांचं शाईचं पेन मीच मागून आणून दिलं होतं." मग म्हणाला, "सांगायला हवं होतं. सुचलंच नाही."

"तुमची चूक नाही, दादा. माझी आहे."

"तुम्ही काम करताना ह्या ओळी वाचल्या असतील ना, ताई? थोड्याफार?"

"काम करताना मी वाचत नाही, दादा," जाऊबाई म्हणाल्या. त्यांचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. ज्या नियमाचा त्यांना अभिमान होता, तोच त्या गुन्ह्यासारखा कबूल करत होत्या. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

वरचं तरी वाचा, असं मी त्याला म्हणाले. त्यानं नकारार्थी मान हलवली. वाचायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून नाही, म्हणाला.

जाऊबाईंनी कार्ड केलं. त्यांच्या हातून झालेलं सगळ्यात सुंदर कार्ड ते, आणि मला त्याचा रागच आला. सोनेरी खोकं रिकामं केलं त्यांनी. वायरमननं आणून दिलेला त्या बाईच्या ओढणीचा तुकडा, पोरीच्या पहिल्या वहीचं पान, आणि आत पत्राला कप्पा. इतकं देखणं करून काय उपयोग, असं तोंडावर आलं होतं, ते गिळलं.

सोमवारी पोर स्वतः आली. उंच, काटकुळी, बापासारखी मान वाकवून बोलणारी. आम्ही दोघी तयार होतो शिव्या खायला. तिनं कार्डाचे आभार मानले, ते शिव्यांपेक्षा वाईट लागलं. मग पत्र काढून डाग खिडकीच्या उजेडात धरला, मागून, पुढून, तिरका. सगळे कोन करून झाले.

"काकू, तुम्हाला काय वाटतं? काय असेल?"

"मला नाही गं सांगता येत," जाऊबाई म्हणाल्या आणि रडू लागल्या. ती पोरच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

"जा असंच असणार," मी ठासून म्हणाले. "मी आई आहे, मला कळतं."

"बाबाही तेच म्हणतात," ती म्हणाली. "तुम्ही सगळेच म्हणता. तिनं काय म्हटलं ते पाहिजे होतं मला." आणि पत्र घडी न घालता, सपाट धरून घेऊन गेली.

महिना संपला. पुढच्या आठवड्यात आमच्या जिन्यातला दिवा गेला म्हणून वायरमनला निरोप दिला. तो शिडीवर, जाऊबाई खाली बॅटरी धरून उभ्या, मी कठड्याला टेकून. विषय मीच काढला, माझ्याशिवाय कोण काढणार.

"कळवलं का हो पोरीनं कॉलेजला?"

"तारीख गेली," तो वरूनच म्हणाला. "नाही कळवलं. म्हणते, आईनं नको म्हटलं असलं तर?"

"दादा, तुम्ही तिला समजवायचं," जाऊबाई म्हणाल्या. "सांगायचं, आईनं जा म्हटलंय."

त्यानं तार सोडली आणि खाली बघितलं. "कसं सांगू, ताई? तिला ठाऊक आहे, मी वाचलेलं नाही."