पानाखालची तारीख

नाशिकला द्वारकेच्या चौकात रिक्षा अडली, तेव्हा कडेच्या दुरुस्तीच्या दुकानात कुणीतरी जुना संगणक उघडून त्यात हवा मारत होतं. धुळीचा लोट उठला आणि त्यासोबत तापलेल्या प्लास्टिकचा तो ओळखीचा, घशात खवखवणारा वास आला. लोकांना मोगऱ्याच्या वासाने माणसं आठवतात. माझ्या नशिबी हा वास आहे. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हापासून आठेक वर्षं माझे रविवार या वासात गेले, इंदिरानगरातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत, माझ्याहून तीस वर्षांनी मोठ्या अशा एका काकांच्या शेजारी बसून.

काका सातपूरच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीवर होते. निवृत्तीनंतर त्यांना एका मुक्त संगणकप्रणालीचं वेड लागलं. कुणीही घ्यावी, वापरावी, दुसऱ्याला द्यावी, अशी ती. ती वापरायची कशी, हे मराठीत सांगणारी पुस्तिका आम्ही दोघं लिहून इंटरनेटवर ठेवत असू. लिहिणं सोपं होतं. ती ताजी ठेवणं हे खरं दुखणं. दर सहा महिन्यांनी प्रणालीची नवी आवृत्ती येई, काल होतं तिथे आज बटण नसे, आणि आमचे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. काकांनी कारखान्यातली एक रीत इथेही आणली होती. प्रत्येक पानाच्या तळाशी ते ‘करून पाहिले’ असं लिहून स्वतःचं नाव आणि तारीख घालत. पानातली पायरीन् पायरी स्वतः संगणकावर केल्याशिवाय तारीख बदलायची नाही. त्यांच्या या सोवळ्याची मी पुष्कळ टिंगल केली. ते नुसते हसत आणि पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करत.

पुढे मधुमेहाने त्यांची नजर गेली. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी ते दवाखान्यात असतानाच नवी आवृत्ती आली आणि सगळी पानं माझ्या गळ्यात पडली. नोकरी होती, घर होतं, रात्र थोडी सोंगं फार. मी दोन-चार पानं तपासली आणि उरलेल्यांच्या तारखा बसल्या जागी बदलून टाकल्या. खालचं नाव त्यांचंच राहू दिलं. तो आदर आहे, असं मी स्वतःला सांगितलं. आळसाला आदर म्हणण्यात मी तेव्हाही पटाईत होतो.

त्यातलं एक पान प्रणाली नव्याने बसवण्याचं होतं. ‘पहिली डिस्क निवडा आणि पूर्ण पुसा,’ असं त्यात लिहिलेलं. आधीच्या आवृत्तीत पहिली डिस्क म्हणजे संगणकाच्या पोटातली. नव्या आवृत्तीत मात्र बाहेरून जोडलेली डिस्क पहिली धरली जाई. एकदा करून पाहिलं असतं, तर पाच मिनिटांत कळलं असतं.

पेठ तालुक्याकडचे एक प्राथमिक शिक्षक आमची पुस्तिका वापरत. पाड्यापाड्यांवर फिरून म्हाताऱ्या बायकांची लग्नातली गाणी ते छोट्या रेकॉर्डरवर घेत, घरी संगणकात उतरवत, आणि रेकॉर्डर रिकामा करून पुढच्या पाड्यावर जात. संगणक कुरकुरायला लागला तेव्हा सहा वर्षांची सगळी गाणी त्यांनी बाहेरच्या डिस्कवर हलवली. संगणकात नवी डिस्क बसवली. मग बाहेरची डिस्क जोडलेलीच असताना, आमचं पान समोर ठेवून, त्यात सांगितलं तसंच केलं.

एका रविवारी सकाळी ते इंदिरानगरात आले. डिस्क टॉवेलात गुंडाळलेली होती. मी दुपारपर्यंत जंग जंग पछाडलं. एक गाणं हाती लागलं नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

“सर, खाली ‘करून पाहिले’ लिवलेलं व्हतं ना. तारीख बी ताजी. म्हणून बिनधास्त केलं,” ते म्हणाले. “आता गाणाऱ्यांतल्या दोघी तर राहिल्या नाय.”

काकांनी ती ओळ वाचून दाखवायला सांगितली. शिक्षकांनी सोबत आणलेल्या छापील पानावरून वाचली, नावतारखेसकट. त्या तारखेला काका डोळ्यांवर पट्ट्या बांधून खाटेवर पडलेले होते. त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला. मी बोलायला हवं होतं. मग शिक्षक बसले होते त्याच्या जरा बाजूलाच हात जोडून म्हणाले, “गुरुजी, चूक माझी. दिसत नसताना तारीख घालायला नको होती मी. माफ करा.” शिक्षकांनी त्यांचे हात धरले. मी चहा ठेवायला आत गेलो.

त्यांनी मला कधीच जाब विचारला नाही. पुढच्या रविवारी एवढंच सांगितलं, “सगळ्या पानांवरून माझं नाव काढ.” मी एकेक पान उघडून नाव पुसत गेलो आणि ते शेजारी बसून कळफलकाचा आवाज ऐकत राहिले. दोन वर्षांनी ते गेले. त्यानंतर पुस्तिकेला मी हात लावला नाही.

ती आवृत्ती आज कुणी वापरत नाही. ते पान कुणाच्या उपयोगाचं नाही आणि कुणाला अपायही करू शकत नाही. काळ एवढी कामं आपोआप उरकतो. परवा ते शिक्षक जुन्या सीबीएस बसस्थानकावर भेटले. केस पिकलेत, गाणी जमवणं सुटलंय. “बाबा चुकले, पण कबूल केलं हो,” ते म्हणाले. “असा माणूस आता नाय मिळायचा.” मी मान डोलावली. खरं सांगायला एक वाक्य पुरेल. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे.