उलटी गुंडाळी

थोरला शिडं शिवायचा आणि धाकटा नाव चालवायचा. दोघा भावांचं आयुष्य असंच गेलं. धक्क्यासमोरच्या लांबट खोलीत थोरला मांडी ठोकून बसायचा. तळहाताला चामडं बांधलेलं, दातात दोरा आणि पुढ्यात कुणाचं तरी शीड आजारी म्हशीसारखं पसरलेलं.

नावेचं पुढचं शीड रोज उतरवत नाहीत. काम झालं की डोलकाठीच्या शेंड्यापासून नावेच्या पुढच्या टोकापर्यंत ताणलेल्या तारेभोवतीच ते सतरंजीसारखं गुंडाळून ठेवतात. तिथं त्याला वाऱ्याचं भय नाही, भय उन्हाचं. आधी दोरा मरतो, मग कापड. म्हणून शिडाच्या कडेला, एकाच अंगाला, जाड निळ्या कापडाची पट्टी शिवायची. गुंडाळी झाली की तेवढी पट्टी बाहेर राहते आणि सगळं ऊन आपल्या अंगावर घेते. गोम एवढीच, की तारेच्या तळाच्या चाकावर शीड गुंडाळायची दोरी उलटी भरली तर शीडही उलटं गुंडाळतं. मग पट्टी आत झोपते आणि शीड उघडं पडतं.

धाकट्याला हे डावं-उजवं जन्मात जमलं नाही. दर हंगामाला दोरी भरताना त्याची हाक ठरलेली, "दादा, कुठल्या अंगानं?"

आणि थोरल्याचं उत्तरही ठरलेलं, "बायकोला विचार. तुला तीच वळवते!" एवढं बोलून तो उठायचा आणि स्वतःच दोरी भरून द्यायचा.

यंदा नवी पट्टी शिवून होत आली होती. खोलीत चारदोन गिऱ्हाइकं बसली होती. धाकटा सहज बोलून गेला, "दादाला आता टाका कुठं दिसतो? आंधळ्यानं बायको ओळखावी तसा चाचपून शिवतो."

सगळे खो खो हसले. खोटं असतं तर थोरलाही हसला असता. त्यानं सुई कापडात खुपसली आणि त्या घडीपासून अबोला धरला. पट्टी पुरी केली, पण शीड हमालाच्या डोक्यावर देऊन पाठवलं; दोरी भरायला स्वतः गेला नाही.

दुसऱ्या दिवशी तो चहा घेऊन खिडकीत बसला. समोर धाकट्याची नाव. तारेवर शीड गुंडाळलेलं, पांढरंफटक. निळ्याचा ठिपका नाही.

थोरल्याच्या बायकोनंही पाहिलं. "अहो, उलटं झालंय ना ते?"

"दिसतंय."

"मग सांगा की जाऊन. पन्नास पावलं नाहीत."

"आंधळ्याला काय दिसणार? त्यालाच दिसू दे."

"तुम्ही दोघं एकाच दगडाचे. फोडला तरी पाणी निघायचं नाही."

उन्हाळा चढत गेला. शीड आधी साईसारखं झालं, मग जुन्या दातासारखं पिवळं. कुठल्या आठवड्यात दोरा जाईल हे थोरल्याला तोंडपाठ होतं. रात्री कूस बदलताना तो पुटपुटायचा, "गेला असेल आता."

एकदा मात्र त्यानं चपला घातल्या आणि धक्क्यापर्यंत गेला. धाकटा नावेवर पाठमोरा बसून रंग देत होता. थोरला खाकरला. धाकट्याच्या हातातला ब्रश थांबला. पण तो वळला नाही. थोरल्यानं मनात दहा आकडे मोजले आणि आला तसा माघारी फिरला.

महिना गेला. एका दुपारी धाकटा पाण्याचा डबा घेऊन धक्क्याच्या पायऱ्या चढत होता. तिसऱ्या पायरीवर दम खायला टेकला तो टेकलाच. डॉक्टर म्हणाले, हृदय. लोक आले, बसले, गेले. थोरला कुणाशी फार बोलला नाही. तशी सवय झालीच होती.

पुढं भावजयीनं निरोप धाडला, "दादा, शीड तेवढं उतरवून द्या."

थोरला गेला. गुंडाळी सोडली आणि सवयीनं टाक्यावर अंगठ्याचं नख ओढलं. दोऱ्याचा भुगा झाला. कापड दोन बोटांत धरलं, तर वाळल्या पानासारखं फाटत आलं. आत निळी पट्टी मात्र कालच शिवल्यागत कोरी. त्यानं तिच्यावरून बोट फिरवलं. एक टाका वाकडा नव्हता.

"गाढव," तो म्हणाला. "जन्मभर भरून दाखवली, तरी उलटंच."

भावजय डोलकाठीला टेकून उभी होती. "त्यांना ठाऊक होतं, दादा."

"काय ठाऊक होतं?"

"उलटं झालंय ते. दुसऱ्याच दिवशी कळलं. मी म्हटलं, मग नीट करा. तर म्हणाले, राहू दे. शीड जळताना दादाला बघवायचं नाही. येईल, आईवरून शिवी घालेल. आई दोघांची एकच, लागायची नाही. बोलणं तरी सुरू होईल. त्या दिवशी तुम्ही खाकरलात, तेव्हा घरी येऊन जेवले नाहीत. म्हणाले, शिवी तोंडाशी आली होती गं त्याच्या."

थोरला गुडघ्यावर बसला, चाकावरची दोरी सगळी सोडली आणि पुन्हा भरायला लागला.

"आता कशाला?" भावजय म्हणाली. "त्यात काय उरलंय?"

"टोक धर."

तिनं धरलं. तो एकेक वेढा घट्ट देत गेला. दोरी ओढली तसं ते सडकं शीड चरचरत तारेभोवती फिरलं आणि निळं बाहेर आलं.

"ह्या अंगानं," तो म्हणाला. "बघून ठेव, भाड्या."

भावजयीनं टोक सोडलं नाही.