हात पोचेल तिथवर दगड

एखादी गोष्ट पोकळ निघाली म्हणून आनंद झाल्याचा माझ्या आयुष्यातला हा एकच प्रसंग. एरवी पोकळ वस्तू आणि पोकळ माणसं, दोन्हींचा मला मनस्वी राग येतो. पण त्या दिवशी परांचीवर उभी राहून मी त्या चर्चच्या खांबात कॅमेरा घातला, आत काहीच नाही हे पाहिलं, आणि इतक्या जोरात "हुश्श" केलं, की खाली उभे असलेले फादर दचकले.

मी इमारतींची इंजिनिअर आहे. पुण्यात शिकले, लग्नानंतर परदेशात, शॉमबर्गला आले आणि जुन्या इमारती तपासायच्या कामाला लागले. भिंतींचे तडे बघायचे, ते का गेले ते शोधायचं आणि मालकाला नको असलेलं काहीतरी त्याच्या तोंडावर सांगायचं. नवरा म्हणतो, दुसऱ्याच्या घरातले दोष काढायचा पगार मिळतो अशी नोकरी तुला बरोबर सापडली.

आमच्या शेजारी एक क्रोएशियन बाई राहते. मुलगी लहानपणापासून तिला बाका म्हणते. बाका म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. मग आम्हीही तेच म्हणायला लागलो. ऐंशी ओलांडलेली, नवरा गेल्यापासून काळ्या कपड्यांत, आवाज मात्र खणखणीत. मुलीला ताप आला आणि आम्हा दोघांनाही सुट्टी नसली, की बाका न सांगता यायची. अक्रोडाचं सारण भरून गुंडाळलेला एक गोड पाव ती करते. माझी पुरणपोळी पहिल्यांदा खाऊन म्हणाली होती, "आमच्यासारखंच आहे, फक्त कोणीतरी त्यावर बसलंय."

दर रविवारी ती तासभर अंतरावरच्या जुन्या कारखान्यांच्या वस्तीत आपल्या चर्चला जाते. घराजवळ तीन-चार चर्च सोडून इतक्या लांब कशाला, असं मी कधी विचारलं नाही. आम्हीही गणपतीला तेवढेच लांब जातो. हिवाळ्यात रस्ते निसरडे झाले की मी तिला सोडायला जायचे आणि मिस्सा संपेपर्यंत मागच्या बेंचवर बसायचे. प्रार्थनेतलं एक अक्षर कळायचं नाही, त्यामुळे पूर्ण वेळ इमारत बघायला मिळायची.

बाहेरून ते चर्च साधं आहे. पिवळ्या विटा, एका अंगाला घंटेचा चौकोनी मनोरा. त्याची गंमत आहे ती बांधणीत. पोलादाच्या कारखान्यात कामाला आलेल्या पहिल्या क्रोएशियन लोकांकडे चर्चपुरते पैसे नव्हते, तळघरापुरते होते. म्हणून त्यांनी तळघर बांधलं. शिफ्ट संपवून स्वतःच खणलं, वर सपाट छत टाकलं, त्याला डांबर फासलं आणि कित्येक वर्षं जमिनीखालीच मिस्सा, लग्नं, बाप्तिस्मे केले. पुढे हात जरा मोकळा झाल्यावर त्याच छतावर खरं चर्च उभं राहिलं. खालच्यांचं छत ती वरच्यांची जमीन.

वर गेलं की डोळे निवतात. भिंतींवरून दोरीचे पेड गुंफल्यासारखी नक्षी फिरते, खिडक्यांच्या रंगीत काचांत त्यांच्या झेंड्यावरचे लाल-पांढरे चौकोन, छतावर रंगवलेले संत. एका कोनाड्यात त्यांच्या गावाकडच्या तीर्थाची, काळसर चेहऱ्याची मरियामाता आहे. पहिल्यांदा तिला पाहिलं तेव्हा माझे हात आपोआप जोडले गेले. बाकाला ते इतकं आवडलं, की तिने चारचौघांत मला पुन्हा जोडायला लावले.

आणि दोन्ही बाजूंना पांढऱ्या दगडाचे उंच खांब. हा दगड बाका जिथे जन्मली त्या बेटावरचा, बोटीने आणलेला, असं सगळे सांगत. आत आल्यावर बाका आधी उजवीकडच्या एका खांबावर तळहात ठेवायची आणि मगच पुढच्या बेंचवर जाऊन बसायची. "इथे मला माझ्या घरचं हात लावता येईल असं एवढंच आहे," असं ती मला एकदा म्हणाली होती.

गेल्या वसंतात नेमका त्याच खांबाच्या माथ्याशी तडा दिसला. फादर घाबरले. बाकानेच त्यांना माझं नाव सुचवलं. "माझ्या शेजारी एक बाई आहे. तिला सगळ्यांच्या चुका दिसतात."

गेले, पाहिलं, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. तळघरात खांबांची एकच रांग आहे, मधोमध. वर दोन रांगा आहेत, कडेला. म्हणजे वरच्या एकाही खांबाखाली आधार नव्हता. ते नुसत्या स्लॅबवर उभे होते. त्यांच्यावर छपराचा भार असेल, तर तो सगळा भार जुन्या तळघराच्या छतावर येत होता, आणि ते छत पगारातून पैसे साठवणाऱ्या मजुरांनी फक्त डांबर फासण्यापुरतं बांधलेलं. मूळ नकाशे कोणाकडेच नव्हते. माळ्यावर जायची झडप संत रंगवताना कधीतरी गिलाव्याखाली गेली होती. खांब जमिनीवर उभं राहून ठोकून पाहिले, तर ठणठणीत भरीव दगड. अशा वेळी प्रामाणिक इंजिनिअरने एकच सांगायचं असतं. मी वरचं चर्च बंद करायला सांगितलं.

ज्या तळघरातून त्यांचे आजोबा वर आले होते, तिथे मी त्यांना परत पाठवलं. रविवारी ती म्हातारी माणसं खालच्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्यांवर बसायची, आणि मी दिसले की अशी बघायची जणू तडा मीच पाडला होता. त्यातच धर्मप्रांताच्या ऑफिसमधून निरोप आला. दुरुस्ती मोठी निघाली तर चर्च कायमचं बंद होईल, लोकांना दुसऱ्या चर्चमध्ये सामावून घेतलं जाईल. त्यांच्या भाषेतली मिस्साही मग गेलीच. बाकाने माझ्याशी अबोला धरला. कुंपणाच्या पलीकडे असायची, पण मान वर करायची नाही.

खरं काय ते कळायचा एकच मार्ग होता. खांबाला वरच्या अंगाला भोक पाडून आत बघायचं. फादरनी ही गोष्ट बाकावर सोपवली. तो खांब तिचाच, असं सगळेच मानत होते.

मी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. ती कणीक मळत होती. "माझ्या दगडाला भोक पाडणार तू?" मान वर न करता तिने विचारलं.

"हो, बाका."

"आणि आत वाईट निघालं तर?"

"तर वाईट निघालं म्हणून सांगेन."

"एकदा तरी खोटं बोलायला शिक!"

"छप्पर तुझ्या डोक्यावर पडलं तर?" माझाही आवाज चढला. "मग मी कोणाशी भांडू?"

तिने कणकेचा गोळा पालथा करून पुन्हा दाबला. मग म्हणाली, "पाड. पण मी तिथे असणार." घरी येऊन मी हे सांगितलं, तर मुलगी म्हणाली, "आई, यू गाइज आर बोथ सो ड्रॅमॅटिक." नवऱ्याने तिला गप्प बसवलं, कारण मी रडत होते.

ड्रिल सुरू झालं आणि पहिल्यांदा पडली ती दगडाची भुकटी नव्हतीच. चुना होता, मग लाकडाचा भुसा. कॅमेऱ्यात दिसल्या लाकडी पट्ट्या, त्यांच्यावर गिलावा, आणि मध्ये मोकळा अंधार. खांब पोकळ होता. तो काहीच पेलत नव्हता. कॅमेरा तसाच वर सरकवला, तर छपराखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेल्या पोलादी कैच्या, छप्पर तोलणाऱ्या तुळया. मजबूत, नीट जोडलेल्या, गंजाचं नाव नाही. सगळा भार भिंतींवर होता आणि भिंती थेट जमिनीत. हिटरच्या कोरड्या हवेने लाकूड आखडलं आणि गिलावा सुटला, तोच तो तडा. चार दिवसांचं काम. माझा जीव भांड्यात पडला, आणि दुसऱ्याच क्षणी आठवलं की खाली बाका त्याच खांबावर हात ठेवून उभी आहे.

मी परांचीवरून खाली उतरले. चर्च पडण्याचं भय गेलं होतं. आता तिला हे सांगायचं होतं.

"बाका, चर्च सुरक्षित आहे," मी म्हणाले. फादरनी छातीवर क्रुसाची खूण केली. "पण खांब वरच्या भागात गिलाव्याचा आहे. तुझ्या डोक्याच्या हातभर वरपर्यंत दगड आहे. वर लाकूड आणि रंग."

तिने हातातली काठी उलटी धरली, टाचा उंचावल्या आणि जेवढं पोचेल तेवढं वर ठोकलं. ढोलासारखा आवाज आला. मग खाली ठोकलं. तिथे दगड. पुन्हा वर. आणि बाका हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "हे आमचे पुरुष!" ती म्हणाली. "हात पोचेल तिथवर दगड! त्याच्या वर कोण बघायला जातंय!" फादरही हसले. मीच एकटी रडले, इतकं हलकं वाटलं.

हसू ओसरल्यावर तिने विचारलं, "मग छप्पर कशावर आहे?"

मी फोनवर फोटो दाखवला. चष्मा नव्हता, म्हणून तिने मलाच काय दिसतं ते सांगायला लावलं. पोलाद लाटतानाच त्यावर कारखान्याचं नाव उठवतात. मी ते वाचलं.

बाकाचा हात खांबावरून खाली आला. "परत वाच."

मी परत वाचलं. तिचा नवरा आयुष्यभर त्याच कारखान्यात होता. तो बेटावरचा नव्हता, आतल्या डोंगराळ मुलखातला. "मी त्याला चिडवायचे," ती म्हणाली. "माझ्या बेटाने या देवाला दगड दिला, तुझ्या कारखान्याने मला काय दिलं? पडद्यांवर काजळी. दर रविवारी म्हणायचे. तो हसायचा आणि मागच्या बेंचवर जाऊन बसायचा." मग फोनवर बोट ठेवून ती म्हणाली, "त्याला हे कळायला हवं होतं गं."

मी तिचा हात धरून उभी राहिले.

पुढच्या रविवारी वरची दारं उघडली. घंटा झाली, माणसं जिन्यावरून वर आली, ज्यांनी माझ्यावर इतके दिवस डोळे वटारले होते त्यांनी गालाचे मुके घेऊन मला हैराण केलं. बाका माझा हात धरून आत आली आणि दारातच थांबली. मान मागे टाकून छताकडे बघत राहिली. तिथे रंगवलेल्या संतांशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. मागे रांग खोळंबली, कोणीतरी खाकरलं. ती त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली, खूप हळू, आणि ते वर बघून म्हणाली. मग ती मागच्या बेंचवर जाऊन बसली.